शुल्क नाही, पण खर्च आहे : युरोपातील शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

परदेशी शिक्षणाविषयी या वेळी आलेली बहुतेक पत्रे युरोपाबद्दल, आणि त्यातही जर्मनीबद्दल आहेत. अमेरिका आणि ब्रिटनमधील शुल्काचे आकडे ऐकून ज्या घरांत हा विषयच बंद होत असे, त्या घरांत आता ‘जर्मनीत फी नसते’ हे वाक्य पोहोचले आहे. ते खोटे नाही. मात्र त्याच्या भरवशावर मांडलेला हिशेब बरेचदा शुल्कापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो, राहण्या-जेवण्याचा, विम्याचा आणि पहिल्या वर्षात हाती लागणाऱ्या रोकड पैशाचा विचार त्यात येत नाही. म्हणून पुढील उत्तरांत विद्यापीठांच्या नावांपेक्षा पैशांविषयी अधिक लिहिले आहे. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर असून त्याला जर्मनीतील एका सरकारी विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला आहे. शिक्षण मोफत आहे, परंतु व्हिसासाठी सुमारे बारा लाख रुपये खात्यात दाखवावे लागतात असे समजले. आमच्याजवळ चार लाख आहेत. उरलेले आठ लाख माझे मेहुणे हातउसने देण्यास तयार आहेत. व्हिसा झाल्यावर ते परत करायचे आणि मुलाने तिकडे अर्धवेळ काम करून स्वतःचे भागवायचे, असे घरात ठरत आहे. यात काही अडचण आहे का? की दीड एकर जमीन विकून मोकळे व्हावे?
— एक पालक, तासगाव

उत्तर : अडचण आहे, आणि ती व्हिसा मिळाल्यानंतर समोर येईल. विद्यार्थी ज्याला ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात त्या खात्यात सप्टेंबर २०२४पासून एका वर्षासाठी ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो या दराने, आगाऊ भरावे लागतात. बँकेचा दाखला मिळेपर्यंत पैसे ठेवावेत आणि नंतर काढून घ्यावेत, अशी सोय या खात्यात नसते. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळते. पण मुलगा तिथे पोहोचला आणि त्याने चालू खाते उघडले की दरमहा ९९२ युरो त्या खात्यात येतात व उरलेली रक्कम अडकूनच राहते. त्यामुळे मेहुण्यांचे आठ लाख परत करायचे झाले, तर ते मुलाच्या मासिक हप्त्यांतूनच परत जाणार. आठ लाख म्हणजे आठ हजार युरो. बारा महिन्यांत ते फेडायचे तर महिन्याला सुमारे ६६७ युरो घरी पाठवावे लागतील आणि त्याच्या हाती ३२५ युरो उरतील. त्यांतून आरोग्य विम्याचा दीडशेच्या आसपासचा हप्ता जाईल, आणि हा विमा सक्तीचा आहे. राहिलेल्या पावणेदोनशे युरोंत जेवण तर सोडाच, बहुतेक गावांत खोलीचे भाडेही निघत नाही.

आता अर्धवेळ कामाविषयी. मार्च २०२४पासून आपल्याकडील विद्यार्थ्यांना तिथे वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. पूर्वी ही मर्यादा १२० आणि २४० दिवसांची होती. विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली मिळणारे काम, ज्याला तिथे ‘हीवी’ म्हणतात, या मर्यादेत मोजले जात नाही. जानेवारी २०२६पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि महिन्याला ६०३ युरोंपर्यंतच्या ‘मिनीजॉब’वर विद्यार्थ्याला सहसा कर भरावा लागत नाही. कागदावर हे पुरेसे वाटते. परंतु पत्त्याची नोंदणी, कर क्रमांक, बँकेचे खाते आणि निवास परवाना यांतच सुरुवातीचे दीड-दोन महिने जातात, आणि जर्मन भाषा न येणाऱ्याला त्यानंतर जे काम मिळते ते बहुधा गोदामातील पार्सले उचलण्याचे किंवा उपाहारगृहातील भांडी घासण्याचे असते. त्या कामात कमीपणा काहीच नाही. प्रश्न इतकाच आहे की रात्री दोनपर्यंत गोदामात उभा राहिलेला मुलगा सकाळी आठच्या व्याख्यानाला काय ऐकणार? जर्मन विद्यापीठांत एखाद्या विषयात तीनदा नापास झाल्यास बहुतेक ठिकाणी नाव कमी केले जाते आणि तोच अभ्यासक्रम देशात अन्यत्रही घेता येत नाही. निवास परवाना शिक्षणाशी बांधलेला असल्यामुळे त्याचाही प्रश्न लगेच उभा राहतो. काम हे दुसऱ्या वर्षाच्या खर्चासाठी आणि अनुभवासाठी धरावे. पहिल्या वर्षाचा पैसा घरून, खरोखरचा आणि त्या वर्षात परत न मागितला जाणारा असावा.

जमीन विकू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा मालमत्तेचे तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. तारण म्हणून शेतजमीन घेण्यास मात्र बँका फारशा राजी नसतात, कारण थकीत कर्जाच्या वसुलीसाठी त्या ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. गावठाणातील घर किंवा बिगरशेती प्लॉट चालतो. आपले चार लाख आणि साडेसात लाखांचे कर्ज मिळून साडेअकरा लाख होतात. म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट जवळजवळ पूर्ण होते. मेहुण्यांकडून घ्यायचेच असेल तर अडीच-तीन लाख घ्या आणि ते वर्षभरानंतर फेडण्याच्या बोलीवर घ्या, कारण या खात्याबाहेरचा खर्चही आहे : विमानाचे तिकीट, ७५ युरोंचे व्हिसा शुल्क, पहिल्या सत्राचे विद्यापीठाचे योगदान (शुल्क नसले तरी दर सत्राला भरावी लागणारी रक्कम), आणि खोलीची अनामत, जी कायद्याने मूळ भाड्याच्या तीन पटींपर्यंत घेता येते. पहिला हप्ता खात्यात येईपर्यंत दोन-चार आठवडे जाऊ शकतात, तेव्हा एक हजार ते दीड हजार युरो हाताशी असू द्या.

आणखी दोन गोष्टी. एका आर्थिक वर्षात दहा लाखांहून अधिक रक्कम स्वतःच्या पैशांतून परदेशी पाठवली तर वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर, कापला जातो, पण शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो कापला जात नाही. कापला गेलाच तर विवरणपत्र भरून तो वळता करून घेता येतो. दुसरी गोष्ट अशी की परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी परदेशी नागरिकांचे तिथले कार्यालय पुढील काळासाठी पैशांची तजवीज पुन्हा विचारते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रबंधासह पाच-सहा सत्रांपर्यंत लांबणे तिथे अगदी नेहमीचे आहे. बँकेत कर्जाची मुदत ठरवताना चार नव्हे, सहा सत्रे धरा.

प्रश्न : मला म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ आणि केम्निट्झचे तांत्रिक विद्यापीठ या दोन्हींत अर्ज करायचा आहे. म्युनिकचे नाव मोठे आहे, पण घरची परिस्थिती बेताची आहे. नावासाठी जास्त खर्च करावा का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, की शुल्क दोन्हीकडे नाही आणि फरक फक्त राहणीमानाचा आहे. ते आता खरे राहिलेले नाही. बव्हेरियाने कायदा बदलून विद्यापीठांना युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्याची मुभा दिली आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून ते सुरू केले. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना तिथे सत्राला ४,००० ते ६,००० युरो पडतात; चार सत्रांचे सोळा ते चोवीस लाख रुपये झाले. काही विद्यार्थ्यांना सवलत मिळते, पण ती मिळेल असे धरून निघू नये. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग येथे, २०१७पासूनच सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. बाकीच्या बहुतेक राज्यांतील सरकारी विद्यापीठांत केवळ सत्र योगदान भरावे लागते. ते विद्यापीठानुसार शंभर ते साडेतीनशे युरोंच्या दरम्यान असते आणि त्यात बरेचदा बस-रेल्वेचा पासही येतो. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी त्या अभ्यासक्रमाच्या पानावरील शुल्काचा रकाना स्वतः वाचावा.

आता ९९२ युरोंचा महिना दोन्ही शहरांत मांडून पाहू. म्युनिकमध्ये सामायिक घरातील एका खोलीला सातशे ते आठशे युरो पडतात. साडेसातशे धरले तर २४२ उरतात, विमा वजा जाता शंभराच्या आत, आणि त्यात महिनाभर जेवायचे आहे. केम्निट्झमध्ये, किंवा माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ, कोटबुस यांसारख्या पूर्वेकडील शहरांत, वसतिगृहातील खोली अडीचशे ते साडेतीनशे युरोंत मिळते. ३२० भाडे, १४५ विमा, घरी स्वयंपाक करून २०० किराणा, १२ फोन, सत्र योगदानाचे महिन्याला ४० आणि रेडिओ-दूरदर्शनचा सक्तीचा कर, जो घरटी १८.३६ युरो आहे, असे सगळे मिळून सव्वासातशे ते साडेसातशे होतात. विद्यापीठाच्या ‘मेन्झा’मध्ये, म्हणजे खानावळीत, अधूनमधून जेवले, हिवाळ्याचा जाड कोट घेतला, तरी महिना निभावतो आणि थोडे मागे राहतात.

नावाचे म्हणाल तर ते अगदीच निरुपयोगी नाही. संशोधनाकडे जायचे असेल तर कोणत्या प्राध्यापकांच्या हाताखाली प्रबंध केला याला फार महत्त्व आहे, आणि तसे प्राध्यापक लहान शहरांतही असतात. नोकरीसाठी मात्र कंपन्या इंटर्नशिप, ‘वर्कस्टुडंट’ म्हणून, म्हणजे शिकत असताना कंपनीत अर्धवेळ, केलेले काम आणि जर्मन भाषा आधी पाहतात. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. इंग्रजी अभ्यासक्रम पूर्ण करून भाषेविना राहिलेल्यांची त्या अठरा महिन्यांत फार ओढाताण होते. तुम्ही पुण्यात आहात. मॅक्स म्युलर भवन तुमच्या शहरात आहे आणि फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे जर्मनचे वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. बी-१, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीपर्यंतची तयारी इथे रुपयांत होते, तिथे ती युरोंत करावी लागेल. तुमच्या अंदाजपत्रकात सर्वांत स्वस्तात मिळणारी वस्तू हीच आहे.

प्रश्न : माझा सीजीपीए ७.१ आहे. एका कन्सल्टन्सीने सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळणे अशक्य असल्याचे सांगून एक खासगी विद्यापीठ सुचवले आहे. शुल्क वर्षाला अकरा हजार युरो असून ‘आठवड्यात दोनच दिवस वर्गात बसावे लागते, बाकी ऑनलाइन, त्यामुळे कामाला भरपूर वेळ मिळतो’ असे ते म्हणतात. काय करावे?
— एक अभियंता, नाशिक

उत्तर : आधी आपला आकडा जर्मन मापाने मोजा. तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ ही काठावरची उत्तीर्ण श्रेणी असते. कमाल गुणांतून आपले गुण वजा करावेत, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागावे, तीनने गुणावे आणि एक मिळवावा. आपल्या विद्यापीठात दहापैकी ४ ला उत्तीर्ण धरत असतील तर ७.१चे साधारण २.४५ होतात, ५ ला धरत असतील तर २.७४. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते. म्हणजे गुणपत्रिकेच्या मागे छापलेली किमान श्रेणी कोणती, यावर बराच खेळ आहे, आणि ‘अशक्य’ हा शब्द तर निश्चितच चुकीचा आहे. शिवाय नकार अनेकदा गुणांमुळे नव्हे, तर पदवीच्या विषयांचा त्या अभ्यासक्रमाशी मेळ न बसल्यामुळे येतो. गणित, प्रोग्रॅमिंग किंवा यंत्रशास्त्राचे अमुक इतके क्रेडिट हवेत अशी अट तिथे स्पष्ट लिहिलेली असते. ती ओळीने ताडून पाहणे हे कंटाळवाणे पण सर्वांत उपयोगी काम आहे. उपयोजित विज्ञानांची विद्यापीठे, ज्यांना ‘हॉखशुले’ म्हणतात, आपल्यासारख्या उमेदवारांसाठी चांगली असतात आणि उद्योगांशी त्यांचे नाते अधिक जवळचे असते.

कन्सल्टन्सीने सरकारी विद्यापीठ का सुचवले नाही, याचे कारण बहुधा साधे आहे : खासगी संस्था प्रत्येक प्रवेशामागे दलाली देतात, सरकारी विद्यापीठे देत नाहीत. खासगी म्हणजे बोगस असे मुळीच नाही. शासनमान्य खासगी विद्यापीठे आहेत आणि त्यांतील काही चांगलीही आहेत. पण दोन वर्षांच्या बावीस लाखांच्या बदल्यात काय मिळते, हे विचारले पाहिजे. आणि ज्या गोष्टीचे ते कौतुक करीत आहेत, तीच आपल्याला गोत्यात आणू शकते. विद्यार्थ्याचा निवास परवाना प्रत्यक्ष उपस्थित राहून घेण्याच्या शिक्षणासाठी असतो. अभ्यासक्रमाचा मोठा भाग ऑनलाइन असेल तर परवाना नाकारला जाऊ शकतो किंवा त्याचे नूतनीकरण अडू शकते.

स्वतः अर्ज करण्याचा खर्चही पाहा. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, सक्तीचे आहे, त्याचे शुल्क अठरा हजार रुपये. ‘युनि-असिस्ट’ या सामायिक व्यवस्थेतून पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात, म्हणजे पाच अर्ज १९५ युरोंत होतात. कित्येक विद्यापीठे थेट आणि विनाशुल्क अर्ज घेतात. अभ्यासक्रम शोधण्यासाठी डाड, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, या संस्थेचा शोधकोश विनामूल्य आहे आणि त्यात शुल्क नसलेले अभ्यासक्रम वेगळे काढता येतात. हिवाळी सत्रासाठी तयारी आधीच्या दिवाळीपासून सुरू करावी. एपीएसला काही आठवडे लागतात आणि त्यासाठी सर्व सत्रांच्या गुणपत्रिका लागतात.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. बारावीनंतर लगेच जर्मनीत पदवीसाठी पाठवता येईल का?
— एक पालक, लातूर

उत्तर : केवळ बारावीच्या बळावर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असल्यास तांत्रिक शाखांचा मार्ग खुला होतो. अथवा भारतातील मान्य विद्यापीठात त्याच शाखेचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावे. तिसरा मार्ग ‘स्टुडिएनकोलेग’ या पूर्वतयारी वर्गाचा, जो दोन सत्रांचा असतो, त्याला प्रवेश परीक्षा असते आणि जर्मन बी-१ किंवा बी-२ पातळीपर्यंत यावी लागते. पदवीचे इंग्रजी अभ्यासक्रम सरकारी विद्यापीठांत मोजकेच आहेत. माझे मत विचाराल तर एक वर्ष इथे महाविद्यालयात शिकत असतानाच भाषा शिकावी आणि मग जावे. तो पर्याय कमी खर्चाचा आहे आणि अठराव्या वर्षी एकटीने कार्यालये पालथी घालण्याचा ताणही त्याने एक वर्ष पुढे जातो.

प्रश्न : माझे वय एकतीस आहे. सहा वर्षांच्या नोकरीनंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणार आहे. वयामुळे काही वेगळा खर्च येतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रवेशाला वयाची अट नाही, पण विम्याला आहे. सार्वजनिक आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. त्यापुढे ऐच्छिक सदस्यत्व घ्यावे लागते, ज्याचा हप्ता दोनशे युरोंच्या वर जातो, किंवा खासगी विमा घ्यावा लागतो. खासगी विमा सुरुवातीला स्वस्त दिसतो, परंतु त्याच्या अटी आणि पुढील वाढ नीट पाहा. तीस वर्षांखालील वाचकांसाठीही इथेच एक इशारा : स्वस्तातल्या खासगी विम्यासाठी एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतली की ती शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. विमान उतरल्यावर घाईत सही करण्यासारखा हा कागद नव्हे.

प्रश्न : इटलीत शिष्यवृत्तीवर संपूर्ण शिक्षण मोफत होते आणि वर हातात पैसेही मिळतात, असे ऐकले. हे खरे आहे का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे, आणि आपल्याकडे त्याची माहिती अजून पुरेशी पोहोचलेली नाही. इटलीतील प्रत्येक प्रांताची ‘डीएसयू’ ही शिष्यवृत्ती प्रामुख्याने कुटुंबाचे उत्पन्न आणि मालमत्ता पाहून दिली जाते आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही ती मिळते. ती मिळाल्यास विद्यापीठाचे शुल्क माफ होते, रोख रक्कम मिळते आणि अनेक ठिकाणी वसतिगृह व खानावळीची सोयही होते. उत्पन्नाचे मोजमाप ‘इझे’ या निर्देशांकाने होते. परदेशी कुटुंबांसाठी त्याची ‘पारिफिकातो’ नावाची आवृत्ती असते. त्यात कुटुंबातील माणसांची संख्या धरली जाते, त्यामुळे एका पगारावर चालणारे आपल्याकडील चौघांचे घर मर्यादेत सहज बसू शकते.

खरी मेहनत कागदपत्रांची आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आई-वडिलांची विवरणपत्रे किंवा नियोक्त्याचे पत्र, घराची व जमिनीची कागदपत्रे, बँकेतील शिल्लक हे सगळे अपोस्टील (परदेशात चालण्यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण) करून इटालियन भाषेत अनुवादित करून द्यावे लागते. तिथे उत्पन्न सहसा जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचे मागतात, आणि आपले दाखले एप्रिल ते मार्चचे असतात. हा साधा मुद्दा लक्षात न आल्यामुळे दाखला दुसऱ्यांदा काढावा लागतो आणि त्यात मुदत निघून जाते. सातबाऱ्यावर वडिलांसोबत चुलत्यांचीही नावे असतील तर वडिलांचा हिस्सा किती हे दाखवणारा कागद आधीच तयार ठेवा.

दोन जोखमी आहेत. काही प्रांतांत पात्र ठरूनही निधी संपल्यामुळे रक्कम मिळत नाही, आणि यादी लागेपर्यंत तुम्ही तिथे पोहोचलेले असता. शिवाय पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात. पहिल्या वर्षी ठरलेल्या मुदतीत ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत तर पुढचा हप्ता थांबतो आणि घेतलेली रक्कम परत करण्याची वेळही येऊ शकते. म्हणून इटलीला जातानाही किमान सहा महिन्यांचा खर्च स्वतःजवळ हवा. ज्याच्याकडे तेवढाही नाही, त्याने शिष्यवृत्तीच्या आशेवर तिकीट काढू नये.

प्रश्न : वसतिगृहात जागा नाही. एका घरमालकाने खोलीची छायाचित्रे पाठवली असून तो सध्या परगावी असल्यामुळे दोन महिन्यांचे भाडे आगाऊ पाठवल्यास किल्ली कुरिअरने पाठवीन, असे म्हणतो. पाठवावे का?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पाठवू नका. परदेशात अडकलेला मालक, मोक्याच्या ठिकाणची नीटनेटकी खोली, बाजारभावापेक्षा बरेच कमी भाडे आणि कुरिअरने येणारी किल्ली, हा फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. कुणीतरी प्रत्यक्ष खोली पाहिल्याशिवाय एकही युरो पाठवू नये. त्या शहरातील भारतीय विद्यार्थ्यांचे गट किंवा मोठ्या शहरांतील मराठी मंडळे यासाठी मदत करतात, आणि विनंती नीट केली तर कुणी ना कुणी जाऊन पाहून येते.

खोली खरी असली तरी एक प्रश्न लेखी विचारा : या पत्त्यावर ‘अनमेल्डुंग’, म्हणजे रहिवासाची नोंदणी, करता येईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. नोंदणी होत नाही म्हणून काही खोल्या स्वस्त असतात. त्या घेतल्या तर कर क्रमांक, निवास परवाना आणि पर्यायाने कामही अडते. भाड्याची तुलना करताना ‘काल्ट’ आणि ‘वार्म’ हे दोन आकडे वेगळे पाहा, कारण पहिल्यात हीटिंग आणि पाण्याचा खर्च धरलेला नसतो. अनामतही एकदम द्यावी लागत नाही. ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने दिलेला आहे. वसतिगृहाची प्रतीक्षा यादी सोडू नका. सत्र सुरू झाल्यानंतर महिन्या-दीड महिन्यात बऱ्याच जागा रिकाम्या होतात, तोवर एखाद्या सहाध्यायाच्या खोलीचा तात्पुरता, लेखी पोटभाडेकरार चालतो.

प्रश्न : माझे वडील शेतमजूर आहेत. कर्ज मिळण्याजोगी परिस्थिती नाही, पण गुण चांगले आहेत. शिष्यवृत्तीशिवाय मार्ग नाही. कुठून सुरुवात करावी?
— एक विद्यार्थी, यवतमाळ

उत्तर : आपल्या राज्यापासून. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमान प्रवास तिच्यात येतात. आदिवासी विकास विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग आणि सारथी यांच्याही परदेशी शिक्षणासाठीच्या योजना आहेत. या योजनांत जागतिक क्रमवारीतील स्थानाची अट असते, आणि त्यामुळे वर दिलेला सल्ला तुमच्या बाबतीत उलटा होतो : केम्निट्झसारखे कमी खर्चाचे विद्यापीठ क्रमवारीत न बसल्यामुळे शिष्यवृत्ती मिळणार नाही, तर शुल्क घेणारे म्युनिक चालू शकेल, कारण ते शुल्क शासन भरणार आहे. म्हणून आधी त्या वर्षीची जाहिरात वाचा आणि मगच विद्यापीठांची यादी करा. निवडीचे पत्र व्हिसासाठी चालते, पण पहिला हप्ता उशिरा पडण्याची शक्यता धरून दोन महिन्यांची सोय ठेवा.

युरोपीय संघाच्या एरास्मुस मुंडुस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत जात-धर्म किंवा उत्पन्नाची अट नाही. निवड झाल्यास शुल्क नसते आणि अभ्यासक्रमाच्या काळात, जास्तीत जास्त चोवीस महिने, दरमहा १,४०० युरो मिळतात. प्रवास आणि राहणे त्यातच भागवायचे असते. अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत मागवले जातात. निवडीची स्पर्धा तीव्र आहे, आणि तिथे उद्दिष्टपत्र गुणांइतकेच वजनदार ठरते. गावात पाहिलेला एखादा प्रश्न, जसा तुमच्या जिल्ह्यात कापसाचा किंवा पाण्याचा आहे, अभ्यासाशी जोडून सरळ भाषेत लिहा. शेजारच्याचे पत्र उतरवू नका, ते लगेच ओळखू येते.

जर्मनीत प्रवेश घेतल्यानंतर मिळणारी ‘डॉइचलांडस्टिपेंडियम’ ही महिना ३०० युरोंची शिष्यवृत्ती आहे. तिची निम्मी रक्कम जर्मन केंद्र सरकार आणि निम्मी खासगी देणगीदार देतात, तिला राष्ट्रीयत्वाची किंवा उत्पन्नाची अट नाही आणि अर्ज विद्यापीठाकडेच करायचा असतो. व्हिसाच्या वेळी तिचा उपयोग नाही, पण पहिल्या सत्राचे गुण चांगले असतील तर दुसऱ्या वर्षाच्या अर्जासाठी ती जरूर ध्यानात ठेवा. हाइनरिश ब्योल, कोनराड आडेनाउर आणि फ्रीडरिश एबर्ट यांच्या नावाची प्रतिष्ठानेही परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात. त्यांना सामाजिक कामाचा अनुभव आणि चांगली जर्मन हवी असते. एन.एस.एस.चे शिबिर, गावातील अभ्यासिका, पाणलोटाचे काम असे काही केले असेल तर त्याची प्रमाणपत्रे आताच गोळा करून त्यांचा इंग्रजी अनुवाद करून घ्या.